ओस्काची मुलं

सातारा,
१४ जुलै

प्रिय बापू,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लावला, त्याबद्दल शिव्या भेटल्यावर दे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्यावर पट्टी, वाचन बंद, वाकायचं नाही, शिंकायचंसुद्धा जपून. एका डोळ्याने जगणं काय असतं ते पहिल्याच सकाळी कळलं: कपात चहा ओतायला गेलो आणि निम्मा टेबलावर. अंतरच कळत नाही रे.

संध्याकाळी नातू वाचून दाखवायचा. त्याचा आवडता विषय रोम, म्हणून मलाही रोम. मागे फोनवर तुला त्या काण्या सेनापतीबद्दल थोडंसं बोललो होतो, क्विंटस सेर्टोरियस. तू लगेच निकाल दिलास, ‘घरभेद्यांनी मारला, संपलं.’ तेव्हा घरात पाहुणे होते म्हणून वाद घातला नाही. आता घालतो.

हा नुर्सियाचा, म्हणजे रोमच्या ईशान्येकडच्या डोंगराळ भागातला. बाप लहानपणीच गेला, आईने वाढवला. इ. स. पू. १०५ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या ऱ्होन नदीकाठी अराउसियोला रोमनांची दाणादाण उडाली. त्यात याचा घोडा गेला, अंगावर जखमा, तरी चिलखत आणि ढालीसकट ती नदी पोहून पार झाला. पुढे रोमन सेनापती मारियसच्या हाताखाली असताना गॉल लोकांचे कपडे घालून, त्यांची भाषा कामापुरती शिकून शत्रूच्या छावणीत हेरगिरी करून आला. डोळा गेला तो नंतर, इटलीतल्याच यादवीत. त्याचं त्याला भूषण वाटायचं. बाकीच्यांना मिळालेले मानाचे हार आणि भाले घरी ठेवून यावे लागतात, माझं मानचिन्ह सतत माझ्याजवळ असतं, असं म्हणायचा. (हे ऐकून मी पट्टीला हात लावून नातवाकडे पाहिलं. तो म्हणाला, ‘आजोबा, तुमचा मोतीबिंदू आहे.’)

रोमच्या राजकारणात तो हरणाऱ्या बाजूला होता. दुसऱ्या बाजूचा सेनापती सुल्ला जिंकला आणि विरोधकांच्या नावांच्या याद्या चौकात लागल्या, दिसेल त्याला मारा म्हणून. सेर्टोरियस त्याआधीच स्पेनला निसटला होता. तिथूनही हाकलला गेला, समुद्रात भटकला. कुठल्याशा बंदरात त्याला अटलांटिकमधल्या बेटांवरून आलेले खलाशी भेटले. तिथे पाऊस बेताचा, वारा मंद, फळं आपोआप पिकतात, असं त्यांनी सांगितलं, आणि या लढवय्याच्या मनाने घेतलं की तिथेच जाऊन शांत राहावं. नाही जमलं. बरोबरच्या चाच्यांना शांततेत रस नव्हता.

इ. स. पू. ८० मध्ये आजच्या पोर्तुगालकडच्या लुसितानी लोकांनी त्याला बोलावून घेतलं, आमचं नेतृत्व कर म्हणून. सोबत २,६०० रोमन आणि ७०० आफ्रिकी, त्यात हे डोंगरी लोक चार-पाच हजार. समोर रोमची फौज. मग त्याने जे केलं त्याला आपल्याकडे एकच शब्द आहे, गनिमी कावा. समोरासमोर लढायचं नाही, रसद तोडायची, पाण्यावर जाणाऱ्यांना गाठायचं, वेढा घालणाऱ्यालाच वेढायचं. रोमचा म्हातारा सेनापती मेटेलस जड चिलखती पलटण घेऊन त्या डोंगरात नुसता धापा टाकत राहिला.

त्याच्या लोकांना मात्र एकदम तुटून पडायची घाई. म्हणून त्याने सभा भरवली आणि दोन घोडे आणवले. एक मरतुकडा, त्याच्या शेपटीशी आडदांड गडी. दुसरा तगडा, झुपकेदार शेपटीचा, त्याच्याशी एक किरकोळ माणूस. गड्याने दोन्ही हातांनी शेपूट धरून हिसके दिले, घामाघूम झाला, लोक हसले. किरकोळ माणसाने एकेक केस उपटायला घेतला आणि बघता बघता शेपूट साफ. ‘रोमशी असं लढायचं,’ एवढंच त्याला सांगायचं होतं.

पांढऱ्या पाडसाची गोष्ट तुला नक्की आवडणार नाही, तू पक्का बुद्धिवादी. कुणीतरी भेट दिलेलं हरणाचं पाडस त्याने पाळलं आणि डायना देवी याच्या मुखाने मला गुपितं सांगते अशी हूल उठवली. विजयाची बातमी आली की दूताला लपवायचा आणि पाडसाला हार घालून बाहेर आणायचा, ‘आज चांगली वार्ता येणार.’ शुद्ध लबाडी. पण ते पाडस त्याच्या मागे मागे खरंच फिरायचं, छावणीच्या गोंगाटाला बुजायचं नाही, हेही तितकंच खरं.

आता मुद्द्यावर येतो. ओस्का नावाचं गाव, आजचं स्पेनमधलं उएस्का. तिथे त्याने टोळीप्रमुखांची मुलं गोळा करून शाळा काढली. ग्रीक आणि लॅटिन शिकवायला मास्तर ठेवले, फी स्वतः भरली, परीक्षा घ्यायचा, बक्षिसं द्यायचा, गळ्यात सोन्याचे ताईत घालायचा. जांभळ्या काठाचा टोगा, म्हणजे रोमनांचं अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र, घालून पोरगा शाळेत जाताना बघून बाप लोकांचा ऊर भरून यायचा. तू चाळीस वर्षं खडू झिजवलास, तुला हे वेगळं सांगायला नको. खरं तर ती मुलं ओलीस होती. सेर्टोरियसला ते माहीत होतं आणि बापांनाही आतून माहीत असणार. पण शाळा खरी होती, मास्तर खरे होते. तिथे तो सेनापतीपेक्षा मोठा वाटतो.

पुढची युद्धं भरभर सांगतो. रोमचा तरुण सेनापती पॉम्पे मोठी फौज घेऊन आला, लाउरोला त्याच्या डोळ्यांदेखत सेर्टोरियसने गाव जाळलं. सुक्रो नदीवर पॉम्पे थोडक्यात वाचला, कारण मेटेलस येऊन पोचला. ‘ही म्हातारी आली नसती तर त्या पोराला फटके देऊन रोमला पाठवलं असतं,’ हे सेर्टोरियसचे उद्गार प्लुटार्क या प्राचीन ग्रीक चरित्रकाराने नोंदवलेत. मेटेलसने मग सेर्टोरियसच्या मारेकऱ्याला १०० टॅलेंट (तेव्हाचं वजनाचं माप) चांदी आणि २०,००० युगेरा (रोमन जमीनमाप) जमीन जाहीर केली. मैदानात जमत नाही याची ती कबुलीच. तिकडे काळ्या समुद्राकाठच्या पोन्टसचा राजा मिथ्रिडेटीस ३,००० टॅलेंट आणि ४० जहाजं द्यायला तयार होता, पण रोमचा आशिया प्रांत त्याला तोडून द्यायला हा परागंदा माणूस कबूल झाला नाही. त्याला घरीच जायचं होतं रे. जिंकल्यावरही निरोप पाठवायचा, शस्त्रं ठेवतो, साधा नागरिक म्हणून परत येऊ द्या. आई गेल्याचं कळलं तेव्हा सात दिवस तंबूत पडून राहिला, कुणाला तोंड दाखवलं नाही.

आणि तुझे घरभेदी? होते ना. पेर्पेर्ना, त्याच्याच बाजूचा रोमन सरदार, खानदानी, पैसेवाला, हाताखाली राहणं सोसत नसलेला. त्याची मंडळी सेर्टोरियसच्या नावाने स्थानिकांवर जबर कर बसवू लागली, कडक शिक्षा देऊ लागली. गावं सेर्टोरियसवर उलटू लागली. इथे सेर्टोरियसने ओस्काच्या मुलांवर राग काढला. काहींना मारलं, काहींना गुलाम म्हणून विकलं. गळ्यात ताईत घातलेली तीच मुलं.

नातू इथे थांबला. ‘पुढे वाचू?’ म्हणाला. मी नको म्हटलं. पुढचं दुसऱ्या दिवशी ऐकलं.

पुढचं म्हणजे मेजवानी. इ. स. पू. ७३-७२ च्या सुमाराची गोष्ट. खोट्या विजयाचं पत्र दाखवून पेर्पेर्नाने त्याला जेवायला बोलावलं. त्याच्यासमोर एरवी अदबीने वागणारे त्या रात्री मुद्दाम अचकट विचकट बोलू लागले. तो काही बोलला नाही, मंचकावर कूस बदलून उताणा झाला. पेर्पेर्नाच्या हातून दारूचा प्याला खणकन पडला, ती खूण होती. शेजारच्याने वार केला, छातीवर बसून हात दाबून धरले, बाकीचे तुटून पडले. नदी पोहून आलेल्या माणसाला उठताही आलं नाही.

तर बापू, खंजीर पेर्पेर्नाचा, कबूल. पण बाप लोकांनी पोरं ज्याच्या हवाली केली होती तो माणूस ओस्कातच संपला होता, असं माझं मत. तू मास्तर आहेस, तुझं सांग.

पेर्पेर्ना लवकरच पॉम्पेच्या तावडीत सापडला. जीव वाचवायला त्याने सेर्टोरियसची पत्रं पुढे केली. रोममधल्या बड्या बड्यांनी त्याला गुपचूप लिहिलेली. पॉम्पेने एकही न वाचता सगळी जाळली आणि पेर्पेर्नाला मारलं.

तू हे वाचून मगच जाळ. वहिनींना नमस्कार. गणपतीला येणार का ते कळव, डोळा तोवर उघडलेला असेल.

तुझा,
दत्ता