ताई, पदरावरचा मोर आता दिसतो

प्रिय ताई,

येवल्याच्या एका पैठणीच्या दुकानाची वेबसाइट करताना मी अडकले होते, तेव्हा ऑफिस सुटल्यावर तुम्ही दीड तास माझ्याशेजारी बसलात. त्या दिवशी घाईत नुसतं ‘थँक्यू’ म्हणून बस पकडली. आज सगळ्यांसमोर लिहितेय, कारण याच जागी अडकलेलं आणखी कुणीतरी हे वाचत असेल.

साडीच्या पानावर मी पदराचा फोटो ३६० पिक्सेल रुंद ठेवला होता, कारण ब्राउझर फोनची रुंदी तेवढीच सांगत होता. लॅपटॉपवर छान दिसायचा. दुकानाच्या काकांच्या फोनवर मात्र जरीकाम पुसट आणि मोर धुरकट. “गिऱ्हाईक जरीकाम बघून साडी घेतं गं,” एवढंच ते म्हणाले, आणि मला फार वाईट वाटलं. मग मी सगळीकडे कॅमेऱ्यातले ४००० बाय ३००० चे मूळ फोटो टाकले. मोर दिसला, पण वीस साड्यांच्या यादीचं पान उघडेना.

तुम्ही आधी कोड पाहिलाच नाही. त्या फोनचा डिव्हाइस पिक्सेल रेशो, म्हणजे ब्राउझरच्या एका पिक्सेलच्या रुंदीत स्क्रीनचे खरे ठिपके किती, ते तपासायला लावलात, तो निघाला ३. मग कागदावर चौकोन काढून त्याचे नऊ भाग केलेत. ३६० हे सीएसएसचे, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडचे पिक्सेल, काचेखाली आडवे ठिपके १०८०. माझ्या फोटोचा एकेक पिक्सेल नऊ ठिपक्यांवर ताणला जात होता! तो कागद मी जपून ठेवलाय. मूळ फोटोंचा हिशेबही त्यावरच आहे: जेपेग फाइल कितीही दाबली तरी दाखवताना ती पूर्ण उलगडावी लागते, पिक्सेलमागे ४ बाइट धरले तर एका फोटोला ४८ एमबी मेमरी.

एकाच फोटोच्या वेगवेगळ्या रुंदीच्या फाइल्स ब्राउझरपुढे ठेवणारं सोर्ससेट मला माहीत होतं. फोटो पानावर किती रुंद दिसणार हे सांगणारं साइझेस मात्र मी सोडून दिलं होतं, आणि खरी मेख तिथेच होती. ब्राउझर पान वाचता वाचताच फोटो मागवू लागतो. सीएसएस तेव्हा लागलेलं नसतं, त्यामुळे फोटो किती जागा घेणार हे त्याला कळत नाही. आपण सांगितलं नाही तर तो स्क्रीनची पूर्ण रुंदी धरून चालतो. यादीत माझ्या दोन साड्या शेजारी शेजारी. साइझेसमध्ये ‘५० व्हीडब्ल्यू’, म्हणजे स्क्रीनची निम्मी रुंदी, लिहिलं आणि १०८० ऐवजी ५४० ची फाइल उतरली. रुंदी निम्मी, पिक्सेल पाव. कुठली फाइल उतरली हे दाखवणाऱ्या ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये ते बघताना मला किती आनंद झाला, ते तुम्ही पाहिलंच आहे.

उत्तर थेट सांगितलं असतंत तर पाच मिनिटांत काम झालं असतं. तुम्ही मला शोधू दिलंत, त्याचे आभार जास्त.

आता स्क्रीनप्रमाणे वेगळा फोटो दाखवणारा पिक्चर टॅग हाताळतेय. उभ्या स्क्रीनवर अख्खी साडी नको, पदराचा जवळून घेतलेला तुकडा हवा. जमलं की पहिली लिंक तुम्हाला.

तुमची,
शेजारच्या टेबलावरची