नाचासाठी कुत्रा देऊन टाकू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतल्या सल्ल्याच्या सदरात एका आईचं पत्र आलं होतं. मुलगी १४ वर्षांची, बॅले शिकते, पुढे त्यातच काही करायचं तिच्या मनात आहे. घरात एक कुत्रा आहे. त्याला सकाळ-संध्याकाळ फिरवणं, आंघोळ घालणं, औषधपाणी, सगळं तीच बघते आणि त्यात तिचा वेळ जातो. तेव्हा तो कुणा चांगल्या माणसाकडे देऊन टाकावा का, असा प्रश्न होता. सदरलेखकांनी उत्तर दिलं की अभिजात कला माणसाचं सर्वस्व मागते, हा निर्णय कधीतरी घ्यावाच लागणार, मग तो आत्ताच घेतलेला बरा.

हे उत्तर त्या घरात खरंच पाळलं जाईल या भीतीने मी घाईघाईने लिहिते आहे. मी आयुष्याची ऐन वर्षं बॅले नाचले, आता शिकवते. त्यातली बारा-तेरा वर्षं माझी कुत्री तांबी माझ्यासोबत आहे. कुठल्याही नावाजलेल्या जातीची नाही, तांबूस रंगाची, एक कान उभा आणि एक पडका. नाच आणि कुत्रा या दोन्ही गोष्टी मी एकाच अंगावर वागवल्या आहेत, म्हणून त्या आईशी बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे असं मी समजते.

आधी वेळेचंच बघू. बॅलेचा रोजचा क्लास साधारण दीड तासाचा. सुरुवात बारपाशी, म्हणजे आधाराला धरायच्या आडव्या दांड्यापाशी होते: प्लिए म्हणजे गुडघे वाकवणं, मग टेंड्यू म्हणजे पाऊल जमिनीवरून सरकवत पाय ताणणं, पाय जमिनीवरून गोल फिरवणं, आणि असं चढत चढत पाय उंच फेकण्यापर्यंत. मग बार सोडून खोलीच्या मध्यभागी संथ हालचाली, गिरक्या, शेवटी उड्या. त्यानंतर एखादी तालीम. १४ व्या वर्षी हाडं अजून वाढत असतात. हाडांच्या टोकांशी वाढीचा जो कोवळा भाग असतो, त्याला अति सरावाने इजा होते. घोट्याच्या, गुडघ्याच्या, खुब्याच्या तक्रारी घेऊन याच वयाच्या मुली माझ्याकडे येतात. म्हणजे कुत्र्याला फिरवण्यातून वाचलेला तास त्या मुलीने आणखी उड्या मारण्यात घालवायचा, असं कुणाला वाटत असेल तर ते घातक आहे. तो तास बॅलेच्या उपयोगाचा नाहीच. तो जाणार आरशासमोर, नाहीतर मोबाइलवर दुसऱ्या मुलींचे पाय किती उंच जातात ते बघण्यात.

उलट फिरण्याचा तास कामाचा. क्लासमध्ये पाय सतत खुब्यातून बाहेर वळवलेले असतात. खुब्याच्या मागचे खोल स्नायू ते काम दिवसभर करून ताठरतात, आणि आमच्या मुली रस्त्यानेही तशीच बाहेर वळलेली पावलं टाकत चालतात. मी मुलींना सांगते, कुत्र्याला घेऊन चालताना पावलं सरळ पुढे, समांतर टाका. शिवाय क्लासमधले व्यायाम असतात एक-दोन मिनिटांचे, मध्ये थांबणं, ऐकणं, पुन्हा सुरू. पूर्ण लांबीचा नाच निभावायला जो दम लागतो, तो त्यातून फारसा मिळत नाही. कुत्र्याच्या चालीने रोज भरभर चाललेलं त्यासाठी चांगलं. तांबी तरुण होती तेव्हा ती मला ओढत न्यायची आणि दुसऱ्या अंकात धाप लागण्याचं माझं प्रमाण त्या काळात खरोखर कमी होतं.

पण मला मुख्य बोलायचं आहे ते आरशाबद्दल.

बॅले शिकणारी मुलगी आठव्या-नवव्या वर्षापासून आरशासमोर उभी असते. भिंतभर आरसा, अंगाला घट्ट कपडे, आणि मागून सूचना: पोट आत, गुडघा ताण, मान लांब, खांदे खाली. सूचना देणारी मीच असते आणि त्या दिल्याशिवाय हे शास्त्र शिकवता येत नाही, हे मी ठामपणे म्हणते. पण त्याचा परिणामही माझ्यासमोर असतो. मुलगी स्वतःकडे बाहेरून बघायला शिकते. आपली मांडी, आपली पाठ, आपली पावलाची कमान ही तिला आपली न वाटता दुरुस्तीला आलेली वस्तू वाटू लागते. जेवताना, झोपताना, मैत्रिणीशी बोलतानासुद्धा तो आरसा डोक्यातून जात नाही. आमच्या क्षेत्रात खाण्याचे विकार इतर मुलींपेक्षा जास्त आढळतात, हे डॉक्टरांनी कधीच नोंदवून ठेवलं आहे.

अशा मुलीच्या घरात तिच्याकडे आरशासारखं न बघणारा एक जीव असणं ही किती मोठी गोष्ट आहे! तिला मोठी भूमिका मिळाली काय किंवा मागच्या रांगेत उभं केलं काय, त्याचं शेपूट सारखंच हलतं. आणि तो तिला बघत नाही असंही नाही. कुत्रा माणसाचं शरीर फार बारकाईने वाचतो. आपण बोट दाखवलं की तिकडे बघतो, आपण वळायच्या आधी वजन कुठल्या पायावर गेलं ते ओळखतो. माझ्या उजव्या पावलाचं दुखणं सुरू झालं तेव्हा मी ते तालमीत लपवत होते. सहकाऱ्यांना कळलं नाही. तांबी मात्र फिरताना हळू झाली, मागे वळून वळून बघायला लागली. पुढे दुसऱ्या बोटामागच्या लांब हाडाला बारीक तडा गेल्याचं निघालं. चवड्यावर आणि बोटांच्या टोकावर वर्षानुवर्षं वजन पेलणाऱ्या नर्तकींमध्ये हे दुखणं ठरलेलं.

डॉक्टरांनी नाच पूर्ण बंद केला. पायात कडक बूट आला. नर्तकीचा पाय बंद झाला की तिच्या दिवसाला आकारच राहत नाही. ठरलेला क्लास नाही, संध्याकाळची तालीम नाही, आणि मनात एकच विचार, की माझ्या जागी आता कोण उभी असेल. त्या काळात सकाळी उठायला मला एकच कारण होतं. फिरवायला शेजारची मुलगी नेई, पण तांबीचं पाणी, ब्रश, कानातलं औषध माझ्याकडे होतं आणि ते चुकवून चालत नव्हतं. दुपारी मी ‘जिझेल’ या बॅलेचं आदोल्फ आदाँने केलेलं संगीत लावून पडून राहायचे, नुसते हात आणि मान हलवत सगळा पहिला अंक मनात नाचायचे, आणि ती माझ्या बऱ्या पायावर डोकं ठेवून असायची. मी पुन्हा उभी राहिले त्यात फिजिओथेरपिस्टचा मोठा वाटा आहे, तांबीचाही आहे.

आता कुत्र्याच्या शरीराबद्दल दोन शब्द, कारण त्यातून मी शिकवायलाही शिकले. कुत्रा चालतो तो बोटांवर. मागच्या पायाचा जो मागे वळलेला सांधा आपल्याला उलटा गुडघा वाटतो, ती त्याची टाच, जमिनीपासून वर उचललेली. म्हणजे आम्ही वर्षं घालवून जो अर्धा चवडा कमावतो, त्यावर तो जन्मभर असतो. त्याला आपल्यासारखं गळपट्टीचं हाडही नसतं, म्हणजे असलंच तर नाममात्र. पुढचे पाय धडाला जोडलेले असतात ते केवळ स्नायूंनी. म्हणून उडीवरून उतरताना धक्का बराचसा स्नायूंमध्ये जिरतो. माझ्या विद्यार्थिनी धपकन उतरतात तेव्हा मी त्यांना तांबी ओट्यावरून कशी उतरते ते आठवायला सांगते: आवाज नाही, सांधे एकापाठोपाठ एक वाकतात, पाठ मोकळी. उतरताना आधी बोटं, मग चवडा, मग टाच, हे शंभरदा सांगून जे होत नाही ते एकदा नीट बघून होतं. झोपेतून उठल्यावर पुढचे पाय लांब, मागचा भाग वर, मग मागचा एकेक पाय ताणत ती जी आळोखेपिळोखे देते, त्यात कुठेही झटका नसतो. पाय जबरदस्तीने ताणणाऱ्या मुलींनी ते रोज बघावं.

राहिलं सर्वस्वाचं. सदरलेखकांनी इतिहासाचा दाखला दिला नाही, मी देते. बॅलेला शास्त्राचा साचा मिळाला तो फ्रान्सच्या चौदाव्या लुईमुळे. त्याने १६६१ मध्ये नृत्याची राजअकादमी स्थापन केली. त्याआधी १६५३ मध्ये तो स्वतः ‘रात्रीचा बॅले’मध्ये सूर्य होऊन नाचला, तेव्हा त्याचं वय होतं १४, म्हणजे या मुलीएवढंच. हा राजा कुत्र्यांचा इतका वेडा की आपल्या लाडक्या शिकारी कुत्र्यांची चित्रं त्याने फ्रांस्वा देपोर्त या चित्रकाराकडून काढून घेतली. १७०२ मधल्या एका चित्रात बॉन, नॉन आणि पॉन या तिघींची नावंही रंगवलेली आहेत. ‘जिझेल’ १८४१ मध्ये पॅरिसमध्ये प्रथम झालं, त्याच्या पहिल्या अंकात सरदारांची शिकारीची मंडळी गावात येते आणि काही बॅले कंपन्या त्यांच्यासोबत खरे कुत्रे रंगमंचावर आणतात. एका प्रयोगात मी गावकऱ्यांच्या घोळक्यात होते. पडद्याआड आम्ही सगळ्या थरथरत असताना दोन उंच, लांब नाकाचे कुत्रे शांत उभे होते आणि एंट्रीला जाणारी प्रत्येक मुलगी त्यांच्या पाठीवरून हात फिरवून पुढे जात होती.

रशियन बॅले नर्तकी ॲना पावलोवाने मिखाईल फोकीनने रचलेला ‘मरणोन्मुख हंस’ हा नाच जगभर केला, अवघ्या काही मिनिटांचा, बहुतेक सगळा बोटांच्या टोकांवरच्या इवल्या इवल्या पावलांचा. लंडनच्या आपल्या आयव्ही हाउस या घरी तिने हंस पाळले होते. त्यातल्या जॅक नावाच्या हंसाची मान तिच्या गळ्याभोवती वळलेली आहे असे तिचे फोटो प्रसिद्ध आहेत. जिने कलेसाठी शेवटपर्यंत प्रवास केला, तिलाही घरी परतल्यावर एखादं जनावर जवळ घ्यावंसं वाटत होतं.

याच पावलोवाच्या कंपनीतल्या क्लेओ नॉर्डीकडे रुक्मिणीदेवी अरुंडेल बॅले शिकल्या. आपल्या देशाच्या कलेकडे बघ, असं पावलोवानेच त्यांना सुचवलं आणि त्या भरतनाट्यमकडे वळल्या. १९३६ मध्ये त्यांनी कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था उभी केली. अभिजात कलेला त्यांच्याइतकं वाहून घेतलेलं माणूस दाखवा. त्याच रुक्मिणीदेवी १९५२ मध्ये राज्यसभेवर गेल्या आणि तिथे त्यांनी प्राण्यांवरची क्रूरता रोखण्यासाठी खासगी विधेयक मांडलं. त्यातूनच पुढे १९६० चा कायदा झाला आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. नाच आणि मुक्या जनावरांची माया यांतलं एक निवडायला त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं, ते सांगायला नको.

सदरलेखकांचं एक मला मान्य आहे. प्रयोगांचे दौरे सुरू झाले की कुत्र्याचं बघणारं दुसरं कुणीतरी घरात हवंच. एकट्या मुलीच्या खांद्यावर हे टाकू नये. आईवडिलांनी एक वेळचं फिरवणं आपल्याकडे घ्यावं. परीक्षेच्या किंवा प्रयोगाच्या आठवड्यात दोन्ही वेळचं घ्यावं. कुत्र्याला स्टुडिओत नेऊ नये. त्याची नखं जमिनीवर घसरतात, आणि नाचणाऱ्यांच्या पायात तो आला तर दोघांनाही इजा.

घरात एक काळजी मात्र डोळ्यांत तेल घालून घ्यावी. पॉइंट शूजचा, म्हणजे बोटांच्या टोकावर नाचायच्या जोड्यांचा, पुढचा टणक भाग कापड-कागदाच्या थरांना खळ लावून, वाळवून केलेला असतो आणि कुत्र्याला तो चघळायला आवडतो. जोडे उंचावर ठेवावेत. त्याहून धोक्याचे सुई-दोरे. साटीनच्या फिती आम्ही स्वतः शिवतो, दोऱ्याचे तुकडे खाली पडतात. लांब दोरा किंवा फीत कुत्र्याने गिळली तर आतडं त्यावर गोळा होऊन फाटू शकतं. असं झालं तर बाहेर दिसणारं टोक ओढू नये, तडक पशुवैद्याकडे न्यावं. जोडे घसरू नयेत म्हणून लावायच्या राळेची डबीही बंद ठेवावी.

त्या आईंना माझं सांगणं, की मुलीला विचारल्याशिवाय काही ठरवू नका, आणि विचारताना ‘नाच की कुत्रा’ असं विचारू नका. १४ वर्षांची मुलगी नाचावरच्या प्रेमापोटी हो म्हणून बसेल. वेळापत्रक घेऊन तिच्यासोबत बसा आणि कोणती वेळ कोण सांभाळणार ते लिहून काढा. सदरलेखकांनी पुढच्या रविवारी आपल्या उत्तराचा फेरविचार छापावा, ही आपल्याला विनंती. जागा कमी असेल तर या पत्रातला इतिहास गाळा, पण सुई-दोऱ्याचा परिच्छेद कृपया ठेवा. त्या आईंना बोलायचं असेल तर माझा फोन नंबर कार्यालयाकडे दिला आहे, तो त्यांना जरूर द्यावा. संध्याकाळी सातनंतर मी क्लासमधून मोकळी असते.

आपली,
एक बॅले शिक्षिका