गोल निवडुंगाला ‘चमचाभर पाणी’ घालू नका

मा. संपादक, स. न. वि. वि.

मुठीएवढा गोल निवडुंग घेतला की ‘आठवड्याला चमचाभर पाणी घाला’ हा सल्ला हमखास मिळतो. बरीच रोपं याच सल्ल्यापायी दगावतात. चमचाभर पाण्याने बुंध्यापाशी ओल राहते आणि खालची मुळं सुकून जातात. पाणी द्यावं ते कुंडीच्या भोकातून वाहेपर्यंत, बशीत साचलेलं ओतून टाकावं आणि माती तळापर्यंत सुकेस्तोवर पुन्हा देऊ नये. बांबूची काडी खोलवर खुपसून पाचेक मिनिटांनी काढावी. तिला ओलसर माती चिकटली असेल तर थांबायचं. कडक थंडीत तर पाणी जवळजवळ बंदच ठेवावं. मॅमिलेरिया, रेबुशिया या जातींना ५ ते १० अंश सेल्सिअस तापमानात असा कोरडा विसावा मिळाला की पुढे कळ्याही चांगल्या येतात.

खरी मेख मातीत आहे. विकतची रोपं बहुधा पीट (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा भुसा) किंवा कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) असतात. पीट पूर्ण सुकलं की आकसतं, कडेला फट पडते आणि घातलेलं पाणी मुळं न भिजवताच खाली जातं. नीट भिजलं, तर दिवसचे दिवस ओलंच राहतं. म्हणून रोप काढून मुळांभोवतीचा गड्डा काडीने हलकेच मोकळा करावा. कधी कधी आत जाळीची टोपली असते, तीही कापून काढावी. नव्या मिश्रणात एक भाग चाळलेलं कंपोस्ट आणि दोन भाग २ ते ५ मिलिमीटरचे खडे घ्यावेत. प्युमिस (ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड), परलाइट (तापवून फुलवलेले हलके पांढरे खडे), धुतलेली जाड वाळू, काहीही चालेल. बारीक वाळू मात्र नको, ती हवेच्या जागा बुजवते. कुंडी रोपापेक्षा फार तर २ सेंटिमीटर रुंद असावी. तळाशी खडीचा थर देण्याची पद्धतही सोडावी, कारण पाणी त्या थराच्या वर अडून राहतं. कुंडी बदलल्यावर आठवडाभर पाणी नको, तुटलेल्या मुळांच्या जखमा सुकायला हव्यात.

उजेड कमी पडला की शेंडा फिकट आणि निमुळता होतो, आणि तेवढा भाग पुन्हा गोल होत नाही. मात्र रोप एकदम कडक उन्हात नेलं तर पांढुरके चट्टे पडतात, तेही कायमचे. ऊन दोन आठवड्यांत हळूहळू वाढवावं.

काट्यांच्या बुडाशी कापसासारखे पुंजके दिसले तर ते पिठ्या ढेकूण आहेत का, हे भिंगाने पाहावं, कारण काही जातींना लोकर मुळातच असते. कीड असेल तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या ब्रशने संध्याकाळी टिपावी.

बुडखा मऊ, तपकिरी झाला तरी रोप लगेच फेकू नये. स्वच्छ पात्याने खालून चकत्या काढत जाव्यात. कापात मध्यभागी एक वर्तुळ दिसतं, त्यात तांबूस ठिपका उरला असेल तर अजून वर कापावं आणि दर कापाआधी पातं अल्कोहोलने पुसावं. काप निर्मळ आला की रोप सावलीत, हवेशीर जागी दोन आठवडे सुकवून कोरड्या खड्यांवर ठेवावं. मुळं फुटलेली दिसेपर्यंत पाणी द्यायचं नाही.

— एक वाचक