तिसऱ्या आठवड्यात या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी दहा-बारा दिवसांवर आलीये, फराळाचे डबे घेऊन एकमेकांकडे जायचे दिवस, म्हणून हे पत्र घाईघाईत लिहितेय. छापलंत तर खूप बरं होईल. आमच्या आईला लिम्फोमा, म्हणजे लिम्फच्या गाठींचा कॅन्सर आहे, डिफ्यूज लार्ज बी सेल म्हणतात त्यातला, जूनमध्ये कळलं आणि परवाच ६ ऑक्टोबरला तिची पाचवी केमो झाली. मला बोलायचंय ते पेशंटला बघायला येण्याबद्दल.

आपल्याकडे कोणी आजारी पडलं की बघायला जायचंच असतं. नाही गेलं तर "साधं बघायलाही आले नाहीत" हे लोकांच्या वर्षानुवर्षं लक्षात राहतं. आई स्वतः तशीच, बिल्डिंगमध्ये कोणी हॉस्पिटलमध्ये आहे कळलं की मऊ भात आणि मेतकूट घेऊन सगळ्यात आधी ती पोचायची. म्हणजे तिचं कळल्यावर लोक येणारच होते, आणि आले, अगदी मनापासून आले. हे आधीच सांगते कारण पुढचं वाचून आमच्या वर्तकनगरातल्या कोणालाही वाईट वाटायला नको.

आजार कसा कळला ते थोडक्यात सांगते. मार्चमध्ये मानेवर गाठ आली, दुखत नव्हती. एका डॉक्टरांनी सुईची तपासणी करून टीबीच्या गोळ्या चालू केल्या, आपल्याकडे टीबी इतका आहे की मानेच्या गाठीला पहिला संशय त्याचाच येतो, पण दोन महिन्यांत गाठ वाढली, आईचं वजन सहा किलोने उतरलं आणि रात्री एवढा घाम की गाऊन बदलावा लागायचा. मग दुसरीकडे दाखवलं, त्यांनी अख्खी गाठ काढून बायोप्सीला पाठवली, त्यावर अजून आयएचसी म्हणून, गाठीतल्या पेशी नक्की कुठल्या जातीच्या ते ओळखायची तपासणी झाली तेव्हा कुठे नक्की नाव कळलं. कोणाच्या घरी टीबीची औषधं चालू असूनही गाठ वाढत असेल तर नुसत्या सुईच्या रिपोर्टवर थांबू नका, गाठीचा तुकडा किंवा अख्खी गाठच काढून तपासायला लागते का ते डॉक्टरांना विचारा.

आता मुद्द्याचं. या आजाराला आर-चॉप नावाची केमो देतात, दर एकवीस दिवसांनी एक अशा सहा. आम्ही खारघरला टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या अ‍ॅक्ट्रेक सेंटरला जातो, सकाळी अंधारात निघायचं, दिवसभर सलाईन आणि संध्याकाळी घरी. अ‍ॅडमिट नाही. पहिल्या वेळी त्यातलं रिटुक्सिमॅब नावाचं औषध चालू असताना तिला हुडहुडी भरून थंडी वाजली तेव्हा थांबवून परत अगदी हळू चालू केलं, पण तेव्हाही रात्री घरीच होतो. म्हणजे लोकांना वाटतं ट्रीटमेंट हॉस्पिटलात होते, तर हॉस्पिटलात फक्त एक दिवस असतो आणि बाकीचे वीस दिवस पेशंट आपल्या हॉलमध्ये सोफ्यावर असतो. वॉर्ड म्हणजे आमचं घरच, आणि तिथे ना व्हिजिटिंग अवर्स असतात ना दारात वॉचमन.

त्या एकवीस दिवसांचं एक गणित आहे जे मला जुलैपर्यंत माहीत नव्हतं. पहिले पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या असतात, तेव्हा आई एकदम टवटवीत दिसते, झोप उडालेली असते, रात्री दोनला मसाल्याच्या बरण्या पुसत बसते (हे लिहितानाही ती जागीच आहे, डाळीचे डबे खाली काढलेत). तेव्हा बघणाऱ्याला वाटतं, अरे या तर ठणठणीत आहेत. मग साधारण सातव्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी खाली जातात, काउंट पडणं म्हणतात त्याला, आणि काउंट वाढवायची इंजेक्शनं दिली तरी तो आठवडा धोक्याचाच. बाहेरून काही दिसत नाही, पण अंगात जंतूंशी लढायला कोणी नसतं. तिसऱ्या आठवड्यात काउंट परत वर येतात, की लगेच पुढची केमो.

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. तिसरी केमो १८ ऑगस्टला झाली आणि गणपती २७ला, म्हणजे बरोब्बर दहावा दिवस. दादा पुण्याहून आला होता, आमचं बोलणं झालं की यंदा लोकांना बोलवायचं नाही, पण आई म्हणाली चाळीस वर्षांत दर्शनाला आलेल्याला कधी परत पाठवलं नाही, तर आता कसं पाठवायचं. मग ठरलं की आई आतल्या खोलीत मास्क लावून बसेल. केमोतल्या विन्क्रिस्टिन नावाच्या औषधामुळे तिच्या बोटांची टोकं बधिर झालीयेत, ब्लाउजचे हूक लागत नाहीत, दरवर्षी एकवीस दिवस आधी वाती वळायला बसणारी बाई यंदा तयार वातींचं पाकीट घेऊन बसली होती आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं होतं. त्यामुळे आम्हीपण फार ताणलं नाही.

दुपारी दारातल्या चपला मोजल्या तर एकोणीस जोड होते. बाप्पाला नमस्कार करून प्रत्येक जण आत जाणार, आईच्या तोंडावरून हात फिरवणार, हात हातात घेऊन बसणार. आमची एक आत्या दोन दिवसांपासून खोकत होती, "नुसता घसा बसलाय गं" म्हणाली, आणि मी तिला अडवलं नाही. चाळीस वर्षांची बाई मी, ऑफिसात वीस माणसं सांभाळते, आणि सख्ख्या आत्याला दारात "आत जाऊ नकोस" म्हणायला माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही.

रात्री एकला ताप १०१. आई म्हणाली दगदग झाली, सकाळी उतरेल. बाबा क्रोसिन आणायला उठले. फ्रिजवर डॉक्टरांनी दिलेला कागद चिकटवला होता, ताप १००.४ च्या वर गेला तर ताबडतोब हॉस्पिटल, आणि विचारल्याशिवाय तापाची गोळी द्यायची नाही कारण ताप दबतो आणि आतलं इन्फेक्शन तसंच वाढत राहतं. अर्ध्या तासात आम्ही जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत होतो, दारातच सांगितलं की केमोचा दहावा दिवस आहे, ताप १०१ आहे, त्यांनी बाकी कागदपत्रं बाजूला ठेवून आधी रक्त घेतलं आणि अँटिबायोटिक चालू केलं. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, दीड हजाराच्या वर हवेत त्या २८० होत्या. सहा दिवस अ‍ॅडमिट. दुसऱ्या दिवशी विसर्जनाला आई घरी नव्हती, बाबा आरती म्हणताना मध्येच थांबले, मग दादाने पुढे म्हटली. चौथी केमो ८ सप्टेंबरची होती ती आठवडाभर पुढे गेली.

हे कोणामुळे झालं असं मी म्हणत नाहीये. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की अशा तापात बरेचदा जंतू पेशंटच्या स्वतःच्या तोंडातले नाहीतर पोटातलेच असतात, बाहेरून आले की आतून ते बहुतेक वेळा कळतही नाही. आत्या तेव्हापासून रोज रडते, तिला मी हेच सांगते. पण म्हणून दहाव्या दिवशी एकोणीस माणसांनी हातात हात घेणं बरोबर होतं असं होत नाही, आणि मी ते होऊ दिलं.

याच्या उलट दुसरी माणसंपण भेटली. समोरच्या मजल्यावरची दोन मुलं रोज संध्याकाळी आईकडे पाढे म्हणायला यायची ती जूनपासून बंद झाली, आणि नंतर कानावर आलं की कॅन्सर लागतो म्हणून पाठवत नाहीत. लिम्फोमा संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवलात, एका टॉवेलला हात पुसलेत तरी होत नाही. आम्ही तुम्हाला लांब राहा म्हणतो ते तुमचा सर्दीखोकला आईला लागू नये म्हणून, आईचं तुम्हाला काही लागेल म्हणून नाही. एवढं जरी कोणी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं तरी मला खूप मोठा आधार वाटेल, कारण आईला केमोपेक्षा त्या पाढ्यांच्या शांततेचा त्रास जास्त झालाय.

अजून एक विनंती आहे, खोलीत बसून "कितवी स्टेज?" विचारू नका. आईची तिसरी आहे, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे गाठी आहेत. बाकीच्या कॅन्सरमध्ये तिसरी-चौथी ऐकलं की लोकांचे चेहरे पडतात तसं यात नसतं, या लिम्फोमात चौथ्या स्टेजलाही बरं करायच्या इराद्यानेच औषध देतात आणि निम्म्याहून जास्त पेशंट या पहिल्याच उपचारात बरे होतात. पण "तिसरी" ऐकल्यावर पाहुणीने नुसता सुस्कारा सोडला तो आईने ऐकला आणि त्या दिवशी ती जेवली नाही. पपईच्या पानांचा रस, गव्हांकुर, गोमूत्र आणणाऱ्यांनाही हात जोडून सांगते की आमच्या डॉक्टरांनी कच्चं काही द्यायला मनाई केलीये. तुम्ही दिलेलं फेकताना आम्हाला वाईट वाटतं आणि न फेकता देता येत नाही.

मग करायचं काय, तर ज्यांनी केलं त्यांचंच सांगते. तळमजल्यावरचे काका, रिटायर्ड आहेत, पहिल्या वेळी आम्ही ठाण्याहून पनवेल लोकलच्या दिव्यांग डब्यातून गेलो (त्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटला बसता येतं, बऱ्याच जणांना माहीत नसतं, कागद जवळ ठेवा), तर त्यांना ते कळलं आणि दुसऱ्या केमोपासून ते स्वतः गाडी काढतात. पहाटे साडेपाचला खाली हॉर्न न वाजवता उभे असतात, कळवा, ऐरोली, तुर्भे करत खारघर, आणि संध्याकाळी परत तसंच, आई मागे आडवी. चार महिन्यांत ते एकदाही वर आलेले नाहीत. मावशी दर बुधवारी गरम वरणभात आणि दुधीची भाजी दाराच्या हँडलला पिशवीत लावून जाते आणि खालून फोन करते, मग आई बाल्कनीत येते, तिसऱ्या मजल्यावरून आणि खालून दोघी अर्धा तास बोलतात, अख्ख्या बिल्डिंगला सगळ्या नातेवाइकांच्या बातम्या कळतात. एक मैत्रीण येते ती आईसाठी नाहीच, ती बाबांना उपवन तलावावर चक्कर मारायला घेऊन जाते. बाबांना चार महिन्यांत कोणी विचारलंच नव्हतं की तुम्ही जेवलात का.

आणि तरी भेटायचंच असेल, आणि भेटावंच, तिला माणसं हवीयेत, तर घरच्यांना एकच प्रश्न विचारा: आज कितवा दिवस? सातवा ते चौदावा असेल तर फोन करा. पंधरावा उलटला की, आणि तुम्हाला सर्दी, खोकला, ताप काही नसेल तर, हात धुऊन, मास्क लावून, दोन जण या आणि अर्धा तास बसा. तिसऱ्या आठवड्यात तिला चव आलेली असते, गप्पा मारायला दम असतो, डोक्याला स्कार्फ बांधायचा कंटाळा येऊन तशीच बसते आणि हसते. हा हिशेब आर-चॉपचा, दुसऱ्या औषधांचे दिवस वेगळे असू शकतात, म्हणून विचारा. आणि घरच्यांनीपण माझ्यासारखं गप्प बसू नये. मी आता दारावरच कागद लावलाय, त्यावर रोज सकाळी बाबा खडूने आकडा लिहावा तसा स्केचपेनने दिवस लिहितात. आज "३" आहे.

चौथ्या केमोनंतर पेट स्कॅन (अंगात कुठे किती आजार उरलाय ते दाखवणारा) झाला, गाठी बऱ्याच विरघळल्यात. सहावी केमो २७ ऑक्टोबरला. त्याआधी २३ला भाऊबीज आहे आणि ती यंदा अठराव्या दिवशी येते. आईने स्वतः कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं, दोनदा, आणि चिपळूणला मामाला फोन लावून सांगितलं की ये, मी ओवाळणार आहे, फक्त नाक वाहत असेल तर येऊ नकोस. मामा म्हणाला मी आत्तापासून पंख्याखाली झोपणार नाही. वाती मात्र यंदा मी वळतेय, आई समोर बसून शिकवतेय.

आपली नम्र,
एक मुलगी, वर्तकनगर, ठाणे (प.)