चिनी तलवारपटांतल्या बायका काही २००० साली उगवल्या नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत चिनी तलवारबाजीच्या पिक्चरवर लेख आला होता. लेख चांगलाच होता, फोटो पण झकास, पण त्यात एक वाक्य होतं की या पिक्चरमध्ये बायकांच्या हातात तलवार आली ती २००० सालच्या 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'पासून, त्याआधी सगळा पुरुषांचा कारभार. तिथे मी अडकले. अहो हे अगदी उलटं आहे. बायका आधीपासून होत्या, मागून त्यांना बाजूला सारलं आणि तेही फार तर दोन वर्षांत, एकाच स्टुडिओत.

शांघायच्या मूकपटांपासून बघा ना. १९२९ चा 'रेड हिरोइन' आहे, त्यात गावातली पोरगी विद्या शिकून परत येते आणि ज्यांनी छळलं त्यांना धडा शिकवते. असले पिक्चर तिकडे इतके चालायला लागले की तिथल्या सरकारने अंधश्रद्धा पसरवतात म्हणून पुढच्या दोनतीन वर्षांत बंदी घातली. मग धंदा हाँगकाँगला गेला, तिथल्या कँटोनीज पिक्चरमध्येही बायका तलवारी चालवतच होत्या.

आणि १९६६. हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स स्टुडिओचा 'कम ड्रिंक विथ मी', दिग्दर्शक किंग हू, आणि गोल्डन स्वॉलो झालेली चेंग पेई-पेई, तेव्हा जेमतेम विशीची. डाकूंनी तिच्या भावाला पकडून ठेवलंय आणि त्याला सोडवायला ही निघालीय, पुरुषी वेषात. तो खानावळीतला सीन ज्यांनी बघितला नसेल त्यांनी आधी तो बघा आणि मग माझं पत्र वाचा. मधल्या टेबलावर ती एकटी बसलेली, आजूबाजूला एकेक डाकू येऊन बसतोय, कुणी चेष्टा करतंय, कुणी खोडी काढतंय आणि ही बाई मान पण फिरवत नाही. मारामारी सुरू व्हायच्या आधीच आपण श्वास धरून बसलेलो. पेई-पेई नाच शिकलेली होती, आणि किंग हूने मारामारी बसवली ती बीजिंग ऑपेरा या तिकडच्या संगीत नाटकाच्या ठेक्यावर, थांबायचं कधी आणि झडप कधी घालायची ते सगळं तालात. खरंतर मारामारी कमी आणि थांबणंच जास्त आहे त्यात.

आता कुणी म्हणेल, बाई पुरुषाच्या वेषात आणि समोरच्यांना कळत कसं नाही? आपल्याला तरी हा प्रश्न पडू नये, आपण बालगंधर्वांचे शालू बघून जीव टाकणाऱ्यांची पतवंडं आहोत. तिकडेही मेई लानफांगसारखे पुरुष बायकांची कामं करून देवासारखे पुजले गेले, आणि उलटंही झालं. १९६३ च्या 'द लव्ह इटर्न' या संगीतपटात नायकाचं काम लिंग पो या बाईने केलं आणि तैवानमध्ये लोकांनी तो पिक्चर वेड्यासारखा पुन्हा पुन्हा बघितला. त्या पब्लिकला गोल्डन स्वॉलोचा वेष कशाला खटकतोय!

पण एक कबूल करते, नाहीतर लेखकमहाशय मला लगेच पकडतील. याच पिक्चरमध्ये तिला विषारी बाण लागतो, वाचवतो तो दारुड्या भिकाऱ्याच्या रूपातला उस्ताद, आणि शेवटची मोठी लढाई पण त्याचीच. म्हणजे मखर तिचं पण आरती त्याची. तरी पिक्चर तिचाच वाटतो, बघून झाल्यावर डोळ्यापुढे तीच राहते.

मग आले चांग चेह. शॉ ब्रदर्सचेच दिग्दर्शक. त्यांचं म्हणणं असं की आपल्याकडे पडद्यावर हिरॉइनींचंच राज्य झालंय, पुरुषांची मर्दानगी दिसली पाहिजे, 'यांगगांग' हा त्यांचा शब्द. आता तेव्हाच्या पोस्टरवर हिरॉइनचं नाव वर आणि हिरोचं खाली असायचं हे खरं आहे, त्यामुळे माणूस अगदीच खोटं बोलत नव्हता. १९६७ मध्ये त्यांनी 'वन-आर्म्ड स्वोर्ड्समन' काढला, जिमी वांग यू हिरो, आणि हाँगकाँगमध्ये दहा लाख डॉलरच्या वर धंदा करणारा तो पहिला पिक्चर ठरला. झालं, वारं फिरलं. गंमत बघा पण, त्या हिरोचा हात तोडते ती गुरूची मुलगी, मरताना जीव वाचवते ती शेतकरणीसारखी राहणारी दुसरी पोरगी, आणि डाव्या हाताची विद्या ज्या अर्धवट जळलेल्या पोथीतून तो शिकतो ती पोथीही तिच्या बापाची. सगळं बायकांनी पुरवलं, नाव त्याचं.

आणि १९६८ ला कमाल झाली. चांग चेहने 'गोल्डन स्वॉलो' नावाचाच पिक्चर काढला, त्यात पेई-पेईच आहे, पण हिरो परत वांग यू. तो गावोगाव माणसं मारत सुटतो आणि प्रेताजवळ तिची खूण टाकतो, का तर तिने त्याला शोधत बाहेर यावं! शेवटी तो उभ्या उभ्या मरतो आणि ही त्याच्या थडग्यापाशी राहते. दोन वर्षांपूर्वी खानावळीत मान न फिरवणारी बाई. पाटी तिच्या नावाची आणि दुकान दुसऱ्याचं.

पुढे चांग चेहच्या पिक्चरमध्ये टी लुंग आणि डेव्हिड च्यांग या नटांची जोडी आली, मित्रासाठी पोटातून आतडी बाहेर येईपर्यंत लढायचं. ही दोस्ती काही चांग चेहने शोधलेली नाही, जुन्या कथेतल्या तीन वीरांची पीचच्या बागेतली भाऊ होण्याची शपथ तिकडच्या पोरांना तोंडपाठ असते, आणि लियांगशानच्या १०८ बंडखोरांच्या कथेत बायका मोजून तीन. १९७१ च्या 'न्यू वन-आर्म्ड स्वोर्ड्समन'मध्ये पोरगी आहे, प्रेम आहे, पण आपण रडतो ते मित्र मेल्यावर.

हो, मी पण रडलेय. आमच्याकडे ऐंशीच्या दशकात भाऊ आणि त्याचे मित्र वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने आणायचे, तीन-चार कॅसेट, त्यातला एक 'कराटे पिक्चर' असायचाच, तलवारीचा असला तरी कराटेच म्हणायचे. पोरं सतरंजीवर एकमेकांच्या अंगावर रेलून आणि मी स्वयंपाकघराच्या दारात, हातात चहाचा ट्रे, कुणी सरक म्हटलं नाही म्हणून उभीच. टी लुंग आणि डेव्हिड च्यांग मला फार आवडायचे, कुणीतरी आपल्यासाठी असं मरावं वाटायचं. पेई-पेई नावाची बाई होऊन गेली हे मला चाळिशीनंतर कळलं कारण ती कॅसेट आमच्या गल्लीत कधी आलीच नाही.

किंग हू मात्र तैवानला निघून गेले होते आणि तिथे बायकांना काही सोडलं नाही. 'अ टच ऑफ झेन'मध्ये शु फेंग बांबूच्या वनात लढते, मूल होतं, ते सरळ त्या भित्र्या पंडिताच्या ओटीत टाकते आणि आपल्या वाटेने जाते. १९७५ ला कान महोत्सवात त्या पिक्चरला तांत्रिक कामगिरीचं बक्षीस मिळालं. हीच शु फेंग पुढे निर्माती झाली आणि तिच्या 'फेअरवेल माय कॉन्क्युबाइन'ने १९९३ ला कानचं सर्वोच्च बक्षीस आणलं, विषय काय तर ऑपेरात बाईचं काम करणारा पुरुष.

आता तुमच्या लेखातला २००० सालचा पिक्चर. त्यातली ती म्हातारी खलनायिका जेड फॉक्स आठवते? लेखात तिचं नाव पण नाही. वुडांग या तलवारविद्येच्या मठातल्या गुरूने तिला जवळ केलं पण बाई म्हणून विद्या शिकवली नाही, म्हणून तिने त्याला विष घातलं आणि पोथी पळवली. ते काम चेंग पेई-पेईने केलंय. जमल्यास पुढच्या रविवारी एवढी दुरुस्ती छापा.

आपली,
एक जुनी वाचक, मिरज