मॅडम, तो कागद अजून माझ्याकडे आहे

मॅडम, नमस्कार.

तुमच्या निरोप समारंभात मला दोन मिनिटं बोलायला सांगितलं होतं आणि मी माईकपर्यंत जाऊन नुसतं "थँक्यू मॅडम" म्हणून परत येऊन बसले. रडू येत होतं हे खरंच, पण पहिल्या रांगेत जी मंडळी बसली होती त्यांच्यासमोर मला ते सगळं काढायचं नव्हतं. तेव्हापासून रोज ठाणे-नेरूळ गाडीत बसलं की मनात तेच भाषण चालू होतं. म्हणून शेवटी लिहून टाकतेय. तुमचं नाव मुद्दाम घेत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही. ज्यांना ओळखायचंय ते बरोबर ओळखतील.

तुम्हाला सगळं माहितीये, पण बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. मी शहापूरकडची, दहावीपर्यंत मराठी मीडियम. एमडी मेडिसिन झाले आणि नवी मुंबईत एका कॉलेजला असिस्टंट प्रोफेसर म्हणून लागले. पोस्टिंगच्या दुसऱ्याच वर्षी विद्यार्थ्यांच्या फीडबॅकमध्ये मला पाचपैकी 2.3 मिळाले. खाली कमेंट होती, "मॅडमचं इंग्लिश वीक आहे, काही समजत नाही." तीन सीनियर लोकांच्या कमिटीने मला बोलावलं, टेबलाच्या अलीकडे उभं केलं, खुर्ची रिकामी असून बस कोणी म्हटलं नाही, आणि पहिलंच वाक्य, "स्पोकन इंग्लिशचा क्लास लावा." झालं. तिघांपैकी एकानेही माझं एकसुद्धा लेक्चर ऐकलेलं नव्हतं! हातात फक्त तो आकडा. वर त्यातल्या एका सरांनी दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये रेसिडेंट्स उभे असताना विचारलं, क्लास लावला का. माझ्या हाताखालच्या पोरांसमोर. तो राग अजून गेलेला नाही मॅडम, खोटं कशाला बोलू.

मी क्लास लावला. नौपाड्यात, संध्याकाळी सात ते आठ, शेजारी बारावीची मुलं. लेक्चर आधी लिहून काढायचे, पाठ करायचे, आणि हॉलमध्ये गेलं की अजून भरभर बोलायचे, कारण थांबले तर अडखळेन ही भीती. चार महिन्यांत मी नोकरी सोडून शहापूरला दवाखाना टाकायच्या गोष्टी घरी बोलायला लागले होते.

आणि मग तुम्ही आलात. विद्यापीठाच्या शिक्षण गुणवत्तेचं काम तुमच्याकडे आलं तेव्हा स्टाफरूममध्ये काय काय बोललं गेलं ते मी ऐकलंय. "या बाई डॉक्टर नाहीत, भाषाशास्त्रवाल्या आहेत, या आम्हाला काय शिकवणार." पुण्याला डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र, मग उरण-पनवेलकडच्या गावांत फिरून आगरी बोलीचं काम, मग ओपीडीत बसून डॉक्टर आणि पेशंट एकमेकांशी कसे बोलतात यावर पीएचडी, आणि मग थेट मेडिकल कॉलेजात शिकवणं. लोकांना हा प्रवास विचित्र वाटायचा. 2019 ला एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला, पेशंटशी कसं बोलायचं हे एटकॉम म्हणून रीतसर शिकवायचं ठरलं, फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषा आली, तेव्हा कुठे सगळ्यांना तुमची आठवण झाली. तुम्ही त्याच्या कितीतरी आधीपासून तेच करत होतात.

तुम्ही माझ्या लेक्चरला येऊन बसलात तो दिवस. शेवटच्या बाकावर, पोरांच्या मध्ये, खिडकीकडे. मला वाटलं आता अजून एक मेमो. हार्ट फेल्युअर शिकवत होते, घाम फुटलेला. लेक्चर संपलं, हॉल रिकामा झाला आणि मी व्यासपीठावर उभीच, तुम्ही मला वर बोलावाल का खाली येऊन काही सांगाल याची वाट बघत. तुम्ही खाली आलात आणि सरळ व्यासपीठाच्या पायरीवर बसलात, साडी सावरून, आणि शेजारच्या जागेवर हात थोपटलात. "बसा की." कॉलेजात दोन वर्षांत मला कोणी बसा म्हटल्याचं ते पहिलंच.

मग तो कागद दाखवलात.

पाठकोरा कागद होता, मागे कुठल्यातरी मीटिंगचा अजेंडा छापलेला. पुढच्या बाजूला पेन्सिलने माझी आठ मिनिटं. माझं बोलणं जसंच्या तसं, अर्धवट वाक्यं, "अं", "म्हणजे", सगळं. आणि मध्ये मध्ये ठिपके. मी विचारलं हे काय, तर म्हणालात, एक ठिपका म्हणजे एक सेकंद शांतता. गेल जेफरसन नावाच्या बाईंनी बोलणं कागदावर उतरवायची पद्धत बसवली, त्यात थांबण्याचीसुद्धा मोजदाद असते, तुम्ही तीच तुमच्या सोयीने ठिपक्यांची केलेली. आठ मिनिटांत मी "ओके? एनी डाउट्स?" अकरा वेळा म्हटलं होतं. आणि त्यातल्या नऊ वेळा पुढे एकच ठिपका. दोनदा तर तोही नाही, प्रश्न संपायच्या आत माझं पुढचं वाक्य सुरू.

तुम्ही म्हणालात, "इंग्लिश ठीक आहे हो तुमचं. तुम्ही मुलांना तोंड उघडायला वेळच देत नाही."

मग मेरी बड रो यांचं सांगितलंत, की 1970 च्या दशकात अमेरिकेत शाळांमधले तास टेप करून त्यांनी मोजलं तर शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एकच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, जी कधी बोलत नाहीत ती बोलतात. म्हणजे हा माझ्या एकटीचा दोष नव्हता. इंग्लिश मीडियमच्या, फाडफाड बोलणाऱ्या शिक्षकांचाही हाच. हे ऐकून मला काय वाटलं ते मी तुम्हाला तेव्हा सांगू शकले नाही.

कागदावर अजून एक खूण होती, वर जाणारे छोटे बाण, तीन ठिकाणी. तिन्ही ठिकाणी मी चुकून मराठीत घसरले होते, "आता बघा हं, पाय दाबला की खड्डा पडतो आणि तसाच राहतो" असं काहीतरी. तुम्ही म्हणालात, इथे मुलांनी वहीतून मान वर केली. मी पाठ करून आणलेलं सगळं इंग्लिश चालू असताना मुलं माना खाली घालून लिहीत होती, आणि जे मी लपवत होते तिथे ती माझ्याकडे बघत होती.

हे सगळं मोठंच आहे. पण मी ज्यासाठी लिहायला बसले ती गोष्ट त्याच्या पुढची आहे, आणि कदाचित तुमच्या लक्षातही नसेल. उठताना तुम्ही तो कागद घडी करून माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "हा तुमचा. माझ्याकडे झेरॉक्स नाही, फाईलला काही लागणार नाही." आणि पेन्सिलही दिलीत, अर्धी झिजलेली, नटराजची. बस. तुम्ही दार ओढून गेलात.

मॅडम, तोपर्यंत माझ्याबद्दल जे जे लिहिलं गेलं होतं ते सगळं कुठल्यातरी कपाटात होतं, ज्याची किल्ली माझ्याकडे नव्हती. कॉलेजांना दर्जा देणारी नॅक, कॉलेजातली गुणवत्ता बघणारी आयक्यूएसी, फीडबॅक फॉर्म, त्यांचं काम त्यांच्या जागी, मी त्याच्या विरोधात नाही, कॉलेजला कागद लागतात. पण माझं बोलणं कोणीतरी आठ मिनिटं कान देऊन ऐकलं, शब्दन् शब्द उतरवून काढलं, आणि मग ते माझं मलाच परत दिलं. त्या दिवशी ऐरोली येईपर्यंत मी तो कागद चार वेळा उघडून बघितला. समोर बसलेल्या बाईंनी विचारलं, रिपोर्ट आहे का हो, सगळं ठीक ना? मी म्हटलं हो, ठीक आहे.

लगेच सगळं सुधारलं असं झालं नाही. मी थांबायला लागले, प्रश्न मुलांकडे टाकायला लागले, आणि पुढच्या टर्मचा फीडबॅक आला 2.1. अजून खाली! मी रडत तुम्हाला फोन केला, तुम्ही बहुतेक बाजारात होतात, मागे भाजीवाल्याचा आवाज. तुम्ही हार्वर्डचं सांगितलंत, 2019 सालचं, फिजिक्सच्या वर्गातलं. ज्या मुलांना स्वतः डोकं चालवायला लावलं त्यांना वाटलं आपण कमी शिकलो, पण टेस्टमध्ये त्यांनाच जास्त आलं. गुळगुळीत लेक्चर ऐकणाऱ्यांना उलट, वाटलं जास्त, आलं कमी. म्हणालात, मुलं काय लिहितात ते वाचा जरूर, पण शिकतायत का ते वॉर्डात बघा. पुढच्या वर्षी आकडा वर गेला, किती ते सांगत नाही, आता त्याचं मला खरंच काही नाही.

वॉर्डातलं मात्र सांगायलाच हवं. तुम्ही आमच्या बेडसाइड क्लिनिकला आलात तेव्हा उरणकडच्या एक आजी होत्या. थर्ड इयरच्या मुलाने हिस्ट्री घेतली होती. "आजी, छातीत दुखतं का?" "नाय." त्याने लिहिलं, नो चेस्ट पेन. त्याचं काही चुकलं नव्हतं, विचारलं आणि उत्तर लिहिलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मी मान हलवली, मग कॉटच्या कडेला टेकून आजींना विचारलंत, "दुखत नाय तर काय व्हतंय?" आणि गप्प बसलात. मी मनात ठिपके मोजत होते. चार झाले, पाच झाले, तो मुलगा अस्वस्थ होऊन काही बोलणार तेवढ्यात आजींनी मूठ छातीवर ठेवली आणि म्हणाल्या, "धोंडा ठेवल्यावानी व्हतंय. जिना चरला का." जिना चढला की! ईसीजी, पुढचं सगळं, योग्य वेळेत झालं. अँजायनाचा, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडतं असा पेशंट दुखतं म्हणेलच असं नाही, दाब, जड, आवळल्यासारखं म्हणतो, हे पुस्तकात आहे, आम्ही सगळ्यांनी वाचलेलं आहे. पण आजींच्या भाषेत दुखणं वेगळं आणि जड होणं वेगळं, हे त्या मुलाला त्या दिवशी कळलं, आणि मलाही.

नंतर चहाला तुम्ही आमच्या पोरांना दोन गोष्टी सांगितल्यात त्या मी आजही प्रत्येक नव्या बॅचला सांगते. एक, 1984 चा बेकमन आणि फ्रँकेल यांचा अभ्यास, 74 भेटी टेप केल्या तर डॉक्टरने पेशंटला सरासरी 18 सेकंदांत तोडलं होतं, आणि फक्त 23 टक्के भेटींत पेशंटचं पहिलं म्हणणं पुरं झालं. दुसरी, जॉन हेरिटेज यांची, 2007 ची, की "एनीथिंग एल्स" विचारून फारसा फरक पडला नाही, पण तो एक शब्द बदलून "समथिंग एल्स" विचारलं तर पेशंटच्या मनात राहून जाणाऱ्या तक्रारी 78 टक्क्यांनी कमी झाल्या, आणि भेटीचा वेळही वाढला नाही. एका पोराने विचारलं, मराठीत तर दोन्हीला "काही" च. तुम्हाला केवढा आनंद झाला होता त्या प्रश्नाचा! म्हणालात, "अजून काही आहे का?" म्हटलं की तोंडात "नाही" आयतंच येतं, "अजून काय सांगायचंय?" म्हणून बघा. आमच्या ओपीडीत आता बहुतेक जण तसंच विचारतात. रांग मोठी असते, नेरूळ-उलव्यापासून माणसं येतात, तरी विचारतात.

मला कळतं, तुम्ही म्हणाल यात आभार कसले, काम होतं. पण त्या तिघांचंही ते कामच होतं ना? लेक्चर ऐकणं, बस म्हणणं. सभ्यपणाला काही ग्रँट लागत नाही, वेगळी पोस्ट लागत नाही, तरी आमच्याकडे तो इतका कमी का दिसतो याने मला वाईट वाटतं. माझ्या आईने शहापूरच्या एसटी स्टँडवर अनोळखी माणसाला सरकून जागा दिलेली मी लहानपणी शंभर वेळा बघितलीये, आणि इतक्या शिकलेल्या लोकांच्या खोलीत रिकामी खुर्ची असून मी उभी होते. तुम्ही पायरीवर बसलात म्हणून मी टिकले, दवाखाना टाकायचं राहिलं ते राहिलंच.

मागच्या आठवड्यात मी एका नव्या लेक्चररच्या तासाला शेवटच्या बाकावर बसले होते. बिचारा फार घाबरलेला. पाठकोरा कागद घेतला, पेन्सिल घेतली, ठिपके काढले. नंतर त्याला पायरीवर बसवलं आणि कागद त्याच्या हातात दिला. पेन्सिल मात्र नवीन दिली, तुमची मी देणार नाही.

आणि एक काम आहे तुमच्याकडे. पेशंटच्या तोंडचे दुखण्याचे शब्द लिहायची वही तुम्ही सुरू करायला सांगितली होतीत ना, ती चालू आहे. ठणका, कळ, मुरडा, ठसठस, हुळहुळ, कणकण, मुंग्या, गोळा येणं, आगरी पेशंटचे वेगळ्या पानावर. पण "चमक" आणि "सणक" वरून पोरांचं भांडण झालंय. अर्धे म्हणतात एकच, अर्धे म्हणतात चमक पाठीत भरते आणि सणक डोक्यात जाते. मला ठरवता येत नाहीये. ठाण्याला कधी येताय ते कळवा, वही घेऊन येते, मामलेदारला मिसळ खाऊ आणि हे तेवढं मिटवून द्या.

तुमची,
शहापूरची डॉक्टर