हार्लेमचे देणे ओळखायला शिकवणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आमच्या मुलीच्या पॉइंट शूजना, म्हणजे बॅलेत बोटांच्या टोकांवर उभे राहून नाचायच्या शूजना, तिच्या त्वचेचा रंग कसा द्यायचा हे तुम्ही शिकवलेत आणि तो रंग बॅलेच्या मंचावर कोणी आणला हेही त्याच बैठकीत सांगितलेत. या दुसऱ्या गोष्टीचे आभार चारचौघांत मानावेत, असे वाटल्याने हे जाहीर पत्र लिहीत आहे.

इथे न्यू जर्सीत तिच्या क्लासला कमरेपर्यंतचे गुलाबी मोजे (टाइट्स) आणि गुलाबी शूज असाच शिरस्ता होता. तुम्ही टेबलावर वर्तमानपत्र पसरलेत, तिच्या घोट्याशी मेकअपच्या फाउंडेशनच्या छटा लावून पाहिल्यात आणि स्पंजने सॅटिनवर पातळ हात देत, रिबिनी व इलॅस्टिकसुद्धा न वगळता, दोन्ही शूज रंगवलेत. कमरेपासून अंगठ्यापर्यंत पायाची रेषा अखंड दिसावी म्हणून आलेला तो गुलाबी रंग गोऱ्या अंगाचा विचार करून ठरला होता आणि सावळ्या अंगावर तोच ती रेषा तोडतो, हे तुम्ही समजावल्यावर मुलगी आरशासमोर बराच वेळ उभी होती.

मग तुम्ही आर्थर मिचेल यांच्याविषयी बोललात. १९५५ साली न्यूयॉर्क सिटी बॅलेत दाखल झालेला हा कृष्णवर्णीय नर्तक, १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यावर, आपण वाढलो त्या हार्लेमच्या, न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीय वस्तीच्या, मुलांसाठी काही करावे म्हणून परतला आणि १९६९ मध्ये आपले गुरू कारेल शूक यांच्यासह त्याने ‘डान्स थिएटर ऑफ हार्लेम’ ही बॅलेची शाळा व कंपनी उभारली. सुरुवातीचे वर्ग एका गॅरेजमध्ये भरत आणि उकाड्यामुळे दारे उघडी ठेवली की रस्त्यावरची मुले डोकावून पाहत, हा तपशील मला फार आवडतो. पुढे, सत्तरच्या दशकात, तिथल्या नर्तिकांनी गुलाबी मोजे सोडून प्रत्येकीच्या कांतीशी जुळणारे मोजे आणि शूज वापरायला सुरुवात केली. सर्वांना एकच तपकिरी नव्हे, जिची तिची छटा. लुइझियानातील स्वतंत्र कृष्णवर्णीय समाजात घडणारी त्यांची १९८४ ची ‘क्रिओल जिझेल’ ही बॅले गाजली, पण मला मोज्यांचे हे काम तितकेच मोलाचे वाटते.

२००४ मध्ये कर्जापायी कंपनीचे प्रयोग थांबले, तरी शाळा चालू राहिली आणि मूळ संचातील व्हर्जिनिया जॉन्सन यांच्या कलादिग्दर्शनाखाली २०१२ मध्ये कंपनी पुन्हा मंचावर आली. हे तुम्ही सांगितले नसतेत, तर शूज रंगवणे ही आम्हांला घरगुती युक्ती वाटली असती. आता क्लासमधल्या एखाद्या नव्या मुलीला स्पंज कसा धरायचा हे दाखवताना आमची मुलगी आधी हार्लेमचे नाव घेते. याबद्दल आम्ही उभयता तुमचे मनःपूर्वक आभारी आहोत.

आपली नम्र,
एक पालक